गोविंदाची रेघ आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी डीव्हीडी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझ्या कितीतरी बहिणी पाखरं हाकलायला आंब्याच्या फांदीला टांगल्या गेल्या. मी मात्र पेणला रामवाडीत, गोविंदाच्या घरी, कुंचल्यांच्या पत्र्याच्या डब्यात राहते. मान आहे मला तिथं.

रोह्याच्या सुशील फोटोवाल्यानं मला जन्म दिला. गणपतीच्या कारखान्यात तो कॅमेरा घेऊन आला, तेव्हा गोविंदा आखणी करत होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. कौलातून उन्हाची तिरीप उतरली होती, तिच्यात मातीची धूळ सावकाश तरंगत होती, आणि कुंचल्याच्या टोकातून केसाएवढी रेघ मूर्तीच्या पापणीवर उतरत होती. ती दुपार सुशीलनं माझ्यात भरली. माझ्या पोटात ती अजून संपलेली नाही. धूळ अजून तरंगतेच आहे.

सुरुवातीला माझं केवढं कौतुक! पाहुणा आला की मला लावायचे. मग घरातलं यंत्र बिघडलं आणि मी डब्यात पडले. कोणा शहाण्यानं तर माझ्यावर चहाचा कप ठेवला. नाव घेत नाही, त्याला त्याचं ठाऊक आहे.

पुढे गोविंदाचा हात थरथरू लागला. आखणी नातीकडे, सुरभीकडे आली. ती रोज सराव करायची, पण डोळा जिवंत होईना.

"आजोबा, वळणावर कुंचला उचलता का दाबता?"

"मला काय ठावं गो? हाताला ठावं. नि हात आता ऐकत नाय." गोविंदानं कुंचला डब्यात ठेवला. "यंदा तुला नाय जमलं तर आखणीला बाहेरचा मानूस आनावा लागंल."

तेव्हा मी आठवले सगळ्यांना!

सुरभीचा चुलतभाऊ रितेश कारखान्यात घासकाम करतो. मूर्ती पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी करायची, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. घरात कॉम्प्युटर त्याचाच. त्यानं मला आत सरकवलं. माझ्यावर लाल उजेड पडला आणि मी स्वप्नात शिरल्यासारखी फिरू लागले. कॉम्प्युटर विचारत होता, फाइल लहान हवी की मोठी? चित्रातले दाणे, म्हणजे जुन्या चित्रातली खरखर, किती घालवू?

"सगळं घालव," रितेश म्हणाला. "कसं गुळगुळीत पायजे! नि फाइल बारकी कर, मोबाइलवर जायला पायजे."

घासकाम करणारा माणूस, त्याला खरखर कशी खपेल? त्यानं दाणे घालवायचा आकडा शेवटपर्यंत नेला.

नवी फाइल लावली. चित्र लोण्यासारखं झालं होतं. तिरिपेतली धूळ नाहीशी, मूर्तीचा गाल चकचकीत. गोविंदाचा हात हलत होता आणि पापणीवर डोळा आपोआप उगवत होता, धुक्यातून चंद्र यावा तसा. दिसायला सुंदर हो, नाही कशाला म्हणू?

गोविंदा पुढे वाकला. "हात माझाच हाय. रेघ कुठं गेली?"

"दादा," सुरभी म्हणाली, "तू आजोबांची रेघ पन घासलीस रे!"

रितेशचं तोंड एवढंसं झालं. केसाएवढी रेघ त्या कॉम्प्युटरला दाणाच वाटली होती. आता मला पुन्हा वाचायचं, तर मी अडखळू लागले. चहाच्या कपाचा ओरखडा आड येत होता. सुशीलकडेही मूळ काही उरलं नव्हतं. माझ्यातली दुपार माझ्यासोबतच जाणार, असं वाटून मी गपगार झाले.

रितेशनं मऊ फडकं घेतलं.

"घासू नको हां. पूस," सुरभी म्हणाली.

मग त्याच दांडग्या हातानं त्यानं मला मधून कडेकडे, सरळ, अलगद पुसलं. मी गुरगुरले, थांबले, आणि फिरले! या वेळी सुरभीनं आधी मला जशीच्या तशी उतरवून घेतली. मग त्या नकलेवरून नवी फाइल करताना दाण्यांना हात लावला नाही, चित्राचा आकार ताणला नाही, फाइल मोठी झाली तर होऊ दिली. मी चित्र एक ओळ आड करून साठवते, त्यामुळं हलत्या कुंचल्याला कंगव्यासारखे दात दिसत होते. त्या ओळीही तिनं जुळवल्या.

धूळ पुन्हा तरंगू लागली. गोविंदाचा कुंचला वळणावर आला. गोविंदा तो उचलत नव्हता, दाबतही नव्हता. श्वास धरून तो नुसता थांबत होता, आणि रेघ पुढे स्वतःच निघत होती.

सुरभीनं सरावाची कोरी मूर्ती पुढ्यात ओढली. वळणावर तिनं श्वास धरला. रेघ पुढे निघाली. कुंचला उचलल्यावर मूर्ती आमच्याकडे बघत होती.

"बाहेरचा मानूस नको," गोविंदा म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण पडली असेल. तिला आधी जशीच्या तशी उतरवून घ्या, काय घासायचं ते मागाहून नकलेवर घासा. आणि मग तिला पुन्हा डब्यात निजू द्या. काम झालं म्हणून आंब्याला टांगू नका. सांगून ठेवते!