चौदा दिवसांची लेन्स

मी जुनी नाही, मित्रांनो. माझं सगळं आयुष्य चौदा दिवसांचं. माणसं नीट दिसावं म्हणून लेन्स लावतात. मी मात्र जनावराच्या दुखऱ्या डोळ्यावरची पट्टी. कारखान्यात मला पातळ, मऊ घडवलं आणि इवल्याशा बाटलीत पाण्यात बुडवून ठेवलं.

एके सकाळी जनावरांच्या दवाखान्यात माझी बाटली उघडली. समोर बोका होता. बोका म्हणजे कुत्रा बरं का! लहानपणी दूध चोरून प्यायचा, म्हणून हे नाव. त्याची मालकीण बागकाम करायची. तिने छाटलेल्या गुलाबाचा काटा त्याच्या डोळ्याला लागला होता.

"फांदी मीच वाटेत टाकली," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्या सासूबाईंनी पिशवीतून स्वतःच्या डोळ्यांचं जुनं औषध काढलं. "मी तर हेच घालणार होते."

"नाही घातलंत ते बरं केलंत, आजी. डोळा गेला असता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पापणी जखमेवर घासतेय. लेन्स बसवते. तरीही जखम खोल गेली तर डोळा काढावा लागेल, ताई."

मला बसवलं. पापणी मिटली, ती माझ्यावर घासली. बोक्याने सुस्कारा सोडला आणि डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात घातलेली प्लास्टिकची भलीमोठी कॉलर घेऊन, दारांना धडकत घरी निघाला.

मालकीण वेळच्या वेळी थेंब घालायची. सासूबाई त्याला हाताने भरवायच्या. पाचव्या दिवशी त्याने जोरात मान झाडली आणि मी निसटून सतरंजीवर पडले! कडेने वाळू लागले. वाटलं, संपलं सगळं.

"अगं, हे काय चमकतंय?" सासूबाई म्हणाल्या.

"थांबा आई, हात धुऊन येते!" सून धावली. तिने मला अलगद उचलून डॉक्टरांनी दिलेल्या पाण्यात ठेवलं. "बसवायची मात्र त्यांनीच."

हातातलं काम टाकून दोघी तडक दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी मला तपासलं, निर्जंतुक केलं, परत बसवलं.

चौदाव्या दिवशी मला काढून डोळ्यात रंगाचं औषध घातलं. जखम असती तर तिथे हिरवा डाग दिसला असता. डॉक्टरबाई वाकून बघत राहिल्या. मालकिणीने बोक्याला धरून ठेवलं.

"डाग नाही. डोळा वाचला!"

मालकीण बोक्याच्या गळ्यात पडली. "आता रडतेस कशाला?" म्हणत सासूबाईंनीच डोळे पुसले.

ट्रेमधून मी बघत होते. बोक्याने डोळा मिचकावला. मध्ये मी नव्हते, तरी त्याला दुखलं नाही. याहून मोठं कौतुक मला नको.

मित्रांनो, मुकं जनावर 'डोळा दुखतो' असं सांगत नाही. ते नुसतं डोळा मिटून कोपऱ्यात बसतं. तेव्हा त्याचं दुखणं उद्यावर ढकलू नका.