ग्रहणाच्या दिवशी मामाची खुर्ची

"शुक्रवारी माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला दे," मामा म्हणाला, तेव्हा ताई त्याच्या हातावरच्या फुगलेल्या शिरेत दुसरी सुई सरकवत होती.

सुई नीट बसली, चिकटपट्टी लागली, नळीतून रक्त मशीनच्या दिशेने निघाले, मग तिने विचारले, "का? शुक्रवारी कुठे दौरा आहे?"

"ग्रहण आहे."

"ते आभाळात आहे. तुझ्या किडनीला त्याचं काय?"

"मंडळीची उपास-प्रार्थना आहे. चर्चमागच्या मैदानावर. पाळकसाहेब म्हणाले, प्रभू त्या घटकेला येईल, सगळ्यांनी तयार राहायचं."

शेजारच्या खुर्चीतल्या टॅक्सीवाल्याने डोळे न उघडताच तोंड घातले. "काका, जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्यात तुम्ही. आता स्वतःलाच वर जायची एवढी घाई? जरा जिन्याने जा की."

"तू तुझं मीटर बघ."

"माझं मीटर ही ताई बघते. मी नुसता बसतो."

डायलिसिसच्या त्या लांबट खोलीत सगळेच तिला ताई म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे पेशंटसुद्धा. मामा तेवढा पोरी म्हणे. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा या सडाफटिंग मामाने तिला आपल्याकडे आणले, लिफ्टच्या वंगणाने काळ्या झालेल्या बोटांनी तिच्या वेण्या घातल्या आणि विज्ञान शाखेचे शिक्षण दिले. ती तंत्रज्ञ झाली आणि पुढे मामाच तिच्या मशीनवर आला. आता एक दिवसाआड सकाळी दोघे घरातून बरोबर निघत आणि बरोबर परतत. आजवर मामाने एकही खेप चुकवली नव्हती.

"मग शनिवारी ये," ती म्हणाली.

"शनिवार उजाडला तर येईन की."

टॅक्सीवाला खुसखुसला. ताई हसली नाही. मशीन चुकले की रक्तातला क्षार चढतो, आणि तो चढत असताना माणसाला विशेष काही जाणवत नाही. जाणवते ते थेट हृदयाला.

घरी संध्याकाळी ती बटाटे उकळून त्यांचे पाणी ओतून देत होती. क्षार निघून जावेत म्हणून मामाच्या वाट्याची प्रत्येक भाजी अशी आधी बेचव करावी लागे. तो टेबलापाशी अर्धा कप चहा पुरवून पुरवून पीत होता.

"मला एक सांग," ती पाठमोरीच म्हणाली, "प्रभू चोरासारखा येणार, कुणाला पत्ता लागणार नाही, हे मला लहानपणी कुणी शिकवलं?"

"मीच."

"आणि ग्रहण मिनिटासकट पेपरात छापून आलंय. ज्याची वेळ छापून येते, तो चोर कसला?"

मामा मिशीत हसला. "पाळकसाहेबांना विचार की."

"मी तुला विचारतेय."

"मला माहीत आहे गं. चंद्र मध्ये येतो, सावली पडते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधून जाताना बाहेर अंधार होतो, तसंच ते."

"मग?"

मामाने कप खाली ठेवला. "मग काही नाही. मैदानावर सगळे उभे राहतील. गातील. तिथे उभं राहावंसं वाटतं. तो आला आणि मी दोन नळ्या लावून, तोंड वासून घोरत असलो, तर कसं दिसेल?"

"त्याला काय दिसायचं आहे? त्यानेच दिलाय तो देह."

"तुझं बोलणं बरोबर आहे."

मामा एवढ्या सहज कधी हार मानत नसे. ताईने गॅस बंद केला आणि वळून त्याच्याकडे पाहिले. "मामा, गोष्ट शुक्रवारची आहे, की त्याच्या पुढचीसुद्धा?"

तो कपाच्या तळाकडे पाहत राहिला. "दमलोय गं," एवढेच म्हणाला.

या घरात दोघेच होते. तो मशीनवर येत होता तोवर घर चालले होते. पण भांडून त्याला कुठे नेता येणार नाही, हेही तिला पक्के ठाऊक होते. तिने फडक्याला हात पुसले.

"अडकलेल्या लिफ्टमधल्या लोकांना तू काय सांगायचास? दार ताणून बाहेर उडी मारू नका, मी येतोय, असंच ना?"

"मी कुठे उडी मारतोय? बसूनच आहे. फक्त बसायची जागा बदलतोय."

"मग दोन्ही कर. शुक्रवारी मी पहाटे विभाग उघडते. ग्रहण लागायच्या आत तुला मोकळा करते. तिथून जा मैदानावर, स्वच्छ रक्त घेऊन."

"डॉक्टर चालवून घेतील?"

"डॉक्टरांचं मी बघते."

डॉक्टरांनी कुरकुर करत परवानगी दिली.

शुक्रवारी अंधारात निघताना तिने मामाच्या खोलीच्या दारावर टकटक केली. आतून आवाज आला, "तू हो पुढे."

ती पुढे झाली. मशीन सुरू केले, नळ्या भरून घेतल्या, त्यांतला शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत फिल्टरवर टिचक्या मारल्या, खुर्चीवर स्वच्छ चादर घातली. उजाडले. मामा आला नाही. फोन केला तर तो घरातच वाजत असावा, कुणी उचलला नाही. नेहमीचे पेशंट येऊ लागले. टॅक्सीवाल्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

ती निघूनही जाऊ शकत नव्हती. इतक्या जणांचे रक्त शरीराबाहेर फिरत असताना तंत्रज्ञाने जागा सोडायची नसते. तिने एकाचा रक्तदाब पाहिला, दुसऱ्याच्या पायात गोळा आला तो चोळून दिला. हात कामात होते आणि मनात प्रार्थना चालली होती. ती प्रभूला मामाला इकडे पाठव म्हणून सांगत होती, आणि त्याला बरे वाटेल तिथेच असू दे असेही सांगत होती. दोन्ही मागण्या एकदम कशा पुऱ्या होणार, याचा विचार तिने प्रभूवरच सोडला.

सकाळ सरत आली, तेव्हा स्ट्रेचरवरून एका तरुण बाईला आणले. तिचा चेहरा सुजलेला होता आणि छातीत पाणी झाल्याने तिला आडवे होता येत नव्हते. डॉक्टरांनी विचारले, "मशीन रिकामं आहे?"

ताईने एकदा दाराकडे पाहिले. "आहे," ती म्हणाली.

बाईचे रक्त मशीनमधून फिरू लागले, आणि थोड्याच वेळात खोलीतला उजेड बदलला. ढगांनी येते तशी ही काळोखी नव्हती. ऊन होतेच, पण विरत चालले होते, आणि मशीनच्या सावल्यांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या दिसत होत्या. हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तिने त्याला सुईने भोक पाडले. खिडकीशी उभे राहून तिने त्यातून येणारा उजेड टॅक्सीवाल्याच्या चादरीवर पाडला. सूर्याची लहानशी कोर तिथे थरथरत उमटली.

"हेच का ते?" टॅक्सीवाला म्हणाला. "चावलेल्या बिस्किटासारखं दिसतंय."

"हेच."

"यासाठी काका उपाशी बसलेत?"

ताई पुठ्ठा घेऊन पुढच्या खुर्चीकडे वळली. ज्याच्या ज्याच्या चादरीवर ऊन पोचत होते, त्या प्रत्येकाला तिने ती कोर दाखवली. नव्या बाईचे ओठ आता कमी निळे दिसत होते. तीही मान वळवून बघत होती. ही घटका खरेच ती घटका असेल, तर आपण इथे, हातात पुठ्ठा घेऊन सापडू, असे ताईच्या मनात आले. सापडायला ही जागा काही वाईट नव्हती. फक्त मामा जवळ हवा होता.

उजेड पुन्हा भरू लागला, तसे मदतनीस बाईने दारातून डोके आत घातले. "ताई, तुमचे मामा केव्हाचे बाहेर बाकावर बसलेत. आत चला म्हटलं, तर म्हणाले तिला काम करू दे."

मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भिंतीला डोके टेकून बसला होता. बाहेर सगळे जण आभाळाकडे पाहत होते. तो मात्र खिडकीकडे पाठ करून विभागाच्या दाराकडे तोंड करून बसला होता.

"केव्हा आलास?"

"अंधारायला लागलं तेव्हा."

"मैदान?"

"गेलो होतो की सकाळीच. गाणी झाली. मग पाळकसाहेब म्हणाले, डोळे मिटा आणि कुणाचं काय करायचं राहिलंय ते आठवा." तो थांबला, दम घेतला. "लोक भांडणं आठवत होते, देणीघेणी आठवत होते. मला आठवलं की मी तुला 'तू हो पुढे' म्हणालो होतो. आमच्या धंद्यात कुणाला येतो म्हटलं की गेलंच पाहिजे. आतला माणूस त्या एका शब्दावर बसलेला असतो. जगाचा शेवट व्हायचा आणि तू तिकडे मशीन लावून माझी वाट बघत असायचीस. ते काही बरं दिसलं नसतं."

"मी खुर्ची देऊन टाकली, मामा."

"पाहिलं दारातून. बरं केलंस. रिकामी ठेवून काय शोभेला ठेवायची होती?"

तिने त्याची नाडी पाहिली. ठोके सावकाश पडत होते, पण नियमित होते. तिने डॉक्टरांना बोलावून आणले, त्याच्या हृदयाचा आलेख काढून घेतला. थांबता येईल, पण फार नाही, असे डॉक्टर म्हणाले. दुपार कलल्यावर टॅक्सीवाला सुटला. जाताना तो मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, जग आहे तिथेच आहे. चला, बसा." मग ताईने टॅक्सीवाल्याचे मशीन धुवायला लावले. एका माणसाचे रक्त फिरून झाले की मशीन आतून औषधाच्या पाण्याने धुवावे लागते, आणि तिथे कुणाचीच घाई चालत नाही. ती बाहेर येऊन बाकावर मामाशेजारी बसली. दिवसभरात ती पहिल्यांदाच बसली होती.

"आजचं करू," मामा म्हणाला. "सोमवारचंही करू. पण पोरी, एक दिवस मी नाही म्हणेन. तेव्हा ग्रहणाचं निमित्त नसेल. सरळ सांगेन."

ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

"तेव्हा तू भांडायचं नाहीस."

"थोडं भांडेन," ती म्हणाली.

"थोडं चालेल."

आत मशीन धुऊन झाल्याची शिटी वाजली. दोघांपैकी कुणीच लगेच उठले नाही.