सगळ्यांनाच हरवायचं होतं

ही गेली त्या दिवशी मी दातांच्या एका डॉक्टरच्या दवाखान्याचं छत रंगवत होतो. रंग पोपटी. दवाखान्याला असा रंग कोण देतं, असं मी सकाळी निघताना म्हणालो, तर ही म्हणाली, "दात काढायला आलेल्या माणसाचं तोंड त्याच रंगाचं होतं. शोभून दिसेल." हे आमचं शेवटचं बोलणं.

फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. ऐकता ऐकता हातातला रोलर सुटला तो माझ्या डोक्यावर, आणि शिडी सोडून उतरलो तो रंगाच्या डब्यात. तसाच धावत हॉस्पिटलात गेलो. दारावरच्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही विचारलं नाही, सरळ कातडीच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्या बाईंनी चष्मा लावून विचारलं, "कधीपासून आहे हे?" मी म्हटलं, "आत्ताच झालं." त्या म्हणाल्या, "खाज सुटते?" तेव्हा कुठे माझ्या तोंडून बाहेर पडलं की माझ्या बायकोला इथे आणलंय.

ती रस्त्यातच गेली होती. डोक्यातली शीर फुटली. मी तिच्याजवळ बसलो, पोपटी पोपट. मला सारखं वाटत होतं, हिने नुसता एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं तर हसून हसून खाटेवरून खाली पडेल. बराच वेळ मी त्याचीच वाट बघत बसलो.

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. पायात भिंगरी असल्यासारखी असते, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणतात. तिला सांगितलं, आई येशूकडे गेली. ती म्हणाली, "तुला असं हिरवं बघून गेली?"

दफन झाल्यावर हिची थोरली बहीण आमच्या स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसली. मी त्यांना ताई म्हणतो. ताई टपाल कचेरीत खिडकीवर बसतात. समोर येईल त्याला रांगेत उभं करायची त्यांना सवय आहे. आमच्या घरच्या कपबशासुद्धा त्यांनी रांगेत लावून ठेवल्या.

"भावोजी, रागावू नका," ताई म्हणाल्या. "माणूस म्हणून तुम्ही सोनं आहात. पण चर्चमध्ये पाळकांनी शास्त्र उघडलं की तुमचे डोळे मिटतात. पोरीला देवाचं कोण सांगणार? तुमचा रोलर?"

खोटं काय होतं त्यात? भिंगरीच्या प्रार्थना, बसणं-उठणं, कुणाची माफी कशी मागायची, हे सगळं तिच्या आईने बघितलेलं. मी फक्त आमेन म्हणायचो, तेही कधी कधी उशिरा.

"माझं घर मोठं आहे, माणसं दोन," ताई म्हणाल्या. "महिनाभर बघते. पोरीला वळण लागतंय असं दिसलं तर ठीक. नाहीतर मी तिला घेऊन जाईन. आईविना पोरीचे हाल मला बघवणार नाहीत."

त्या रडत होत्या, म्हणून मला भांडताही आलं नाही.

ही रविवारी चर्चमागच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग घ्यायची. तीन ते पाच वर्षांची मुलं, सतरंजीवर. पुढच्या रविवारी मी तिथे हिची शाल आणि चपला आणायला गेलो. दार उघडलं तर सगळी मुलं सतरंजीवर बसलेली. मोठ्या माणसांपैकी कुणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं की मुलं आपली येणारच.

"बाई कुठेत?" एका गोल मुलाने विचारलं. त्याला सगळे भोपळा म्हणतात.

"बाई आता येणार नाहीत रे."

"मग तुम्ही बाई," भोपळा म्हणाला. बाकीच्यांनी "गुड मॉर्निंग, बाई" असा सूर लावला. मला मिशा आहेत. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. तेव्हापासून मी बाई.

पाळकांनी डोकं दारातून आत घालून पाहिलं. उंच, हाडकुळा माणूस, गुडघे दुखरे. "दुसरं कुणी मिळेपर्यंत घ्या चालवून," म्हणाले आणि मुलं आपल्याकडे वळायच्या आत सटकले.

वर्ग कसा चालवायचा ते मुलांनीच मला शिकवलं. बाईंचे नियम दोन. पहिला, गोष्ट नुसती सांगायची नाही, करायची. सगळ्यांना काम द्यायचं. माणसं कमी पडली तर कुणी झाड, कुणी दगड, कुणी वारा. दुसरा, ज्याला काही समजलं नाही त्याने हात वर करून ओरडायचं, "गोष्ट थांबली!" की गोष्ट तिथेच थांबते. उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. येशूने होडीतून वादळ शांत केलं, ती गोष्ट आम्ही केली तेव्हा ती तीनदा थांबली. होडीत शी लागली तर काय करायचं, याचं उत्तर तर मला आजही नीट देता येणार नाही.

घरी वेगळीच तऱ्हा. मला वेणी घालता येईना. घातलीच तर इतकी घट्ट, की भिंगरीच्या भुवया वर चढायच्या आणि ती दिवसभर कसलंतरी आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. रबर हरवलं म्हणून एकदा मी वेणीला रंगकामाची चिकटपट्टी लावली. झोपायच्या आधी तिने गुडघे टेकले आणि प्रार्थना सुरू केली:

"प्रभू, आईला सांग बाबांनी माझ्या केसांना भिंतीची पट्टी लावली. पण रागवू नको म्हणावं, ते शिकतायत. बाबांना जरा लवकर शिकव. भोपळ्याचं नाक थांबव. आमेन. बाबा, आमेन!"

"आमेन, आमेन," मी म्हटलं.

हे वळण म्हणायचं की नाही, मला ठरवता येईना. ताईंसमोर तिने असली प्रार्थना केली तर? छत रंगवतानाही मी स्वतःशी पुटपुटायचो, हात जोडायचे कधी, उभं राहायचं कधी. खालून घरमालक विचारायचा, "काय म्हणालात?" मी म्हणायचो, "दुसरा हात मारावा लागेल."

महिना संपला. ताईंचा निरोप आला, रविवारी वर्ग बघायला येते. पाळकही येणार होते.

मी मुद्दाम सोपी गोष्ट निवडली. मेंढपाळाची. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवतं, तो बाकीची ठेवून त्याला शोधायला जातो, सापडल्यावर खांद्यावर घालून आणतो. यात बिघडण्यासारखं काय आहे? मी मेंढपाळ, एक मूल हरवलेलं, बाकीची सतरंजीवर शांत. ताईंना शांत बसलेली मुलं दिसतील, झालं.

"हरवलेलं मेंढरू कोण होणार?" मी विचारलं.

सगळे हात वर.

"अरे, एकच हरवतं. बाकीची घरी असतात."

"घरी कोण बसणार?" जुळ्या बहिणींपैकी एक म्हणाली. "खांद्यावर कोण घेतं मग?"

"बरं, मी डोळे मिटतो, तुम्ही आपसात ठरवा." ही चूक. तीन वर्षांच्या मुलांना आपसात ठरवा असं बाईच म्हणू शकायच्या. मी डोळे मिटले. धडधड पावलं वाजली, दार आपटलं, आणि उघडतो तर सतरंजी रिकामी. सगळा कळप पसार.

मी चर्चमध्ये धावलो. बाकाखाली दोघी. पडद्यामागे एक, त्याचे बूट बाहेर. पाळकांचा लांब पांढरा झगा खुंटीला असतो, तो आपोआप हलत होता आणि शिंकत होता. भोपळा उपदेशाच्या ओट्यामागे बसून उपदेशासाठी ठेवलेलं पाणी पीत होता. मी त्याला खांद्यावर घेतलं. माझ्या कमरेत कड असा आवाज आला.

"मेंढपाळ खूश होतो ना?" भोपळा वरून म्हणाला. "हसा की, बाई."

"हसतोय रे बाबा."

त्याला सतरंजीवर ठेवलं आणि दुसऱ्याला आणायला गेलो. परत येतो तर भोपळा पुन्हा गायब. सापडलं की खांद्यावर बसायला मिळतं, मग पुन्हा का नाही हरवायचं? प्रत्येकाने हा हिशेब केला होता. मी आणत होतो, ती हरवत होती. एक जुळी खांद्यावर, दुसरी काखेत, झग्यातला शिंकणारा माझ्या पायाला मिठी मारून फरपटत येतोय, अशा अवस्थेत मी दारात वळलो, आणि समोर ताई. मागे पाळक.

"हा वर्ग?" ताई म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "मेंढरं हरवलीत."

"किती?"

"सगळी."

पाळकांनी तोंडावर रुमाल धरला. खोकला आल्यासारखं करत होते, पण खोकल्याने माणसाचे खांदे असे हलत नाहीत.

ताई मला ओलांडून खोलीत गेल्या. संपलं, वाटलं. आज संध्याकाळी पोरीची पिशवी भरायची. जुळ्यांना खाली ठेवून मी मागोमाग गेलो.

सतरंजी अगदी रिकामी नव्हती. कोपऱ्यात भिंगरी मांडी घालून बसली होती. हात जोडून नाही, गुडघ्यांवर ठेवून. सगळ्या घाईत ती मला दिसलीच नव्हती.

"तू नाही गं हरवलीस?" ताई खाली वाकून म्हणाल्या.

"नाही. मी बाकीची मेंढरं आहे."

"एकटीच?"

"हो. नव्याण्णव," भिंगरी म्हणाली. "कुणीतरी घरी पाहिजे ना, मावशी. मेंढपाळ आणतो आणि सगळ्यांना सांगतो, बघा, सापडलं. सगळीच गेली तर तो कुणाला सांगेल?"

ताई सतरंजीवर बसल्या. त्यांना खाली बसणं सोपं नाही.

"भिंगरे, माझ्याकडे येतेस राहायला? तुझ्यासाठी वेगळी खोली आहे. खिडकीत झोपाळा आहे."

भिंगरीने हात वर केला. "गोष्ट थांबली!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाकांखालची, पडद्यामागची सगळी मेंढरं धावत आली. गोष्ट थांबली की यायचंच, हा नियम सगळ्यांना माहीत. "झोपाळ्यावर एकदा येईन. पण राहायला कशी येऊ? आई येशूकडे गेली. मीपण गेले तर बाबा परत येऊन कुणाला सांगतील?"

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ताईंना हा नियम माहीत नव्हता, तरी त्यांना तो कळला. टपाल कचेरीत त्या कुणालाही एका वाक्यात वाटेला लावतात. इथे त्या भिंगरीच्या वेणीचं टोक नुसतं चाचपत राहिल्या.

"नाही येता येणार," शेवटी त्या म्हणाल्या. "तुझं बरोबर आहे."

"गोष्ट चालू," भिंगरी म्हणाली.

भोपळा ताईंना निरखत होता. "बाई, ही नवीन मावशी अजून एकदाही हरवली नाही."

"हो! हिची पाळी! हरवा ना, मावशी!"

"मी? अरे, माझं वय काय, मी..." ताई म्हणाल्या, पण जुळ्यांनी त्यांना दोन्ही हातांना धरून उठवलं होतं. आम्ही डोळे मिटले. पाळकांनीही मिटले. उघडून चर्चमध्ये गेलो तर पडद्यामागे एवढा मोठा फुगवटा आणि खाली टपाल कचेरीच्या काळ्या चपला.

"कुठे बरं गेलं आमचं मेंढरू?" मी म्हटलं.

पडद्यातून आवाज आला, "लवकर शोधा, इथे धूळ आहे."

शोधलं. पण खांद्यावर घ्यायचं कसं? मुलं सवलत द्यायला तयार नाहीत. गोष्टीत आहे म्हणजे आहे. शेवटी पाळकांनी खुर्ची आणली. त्यात ताईंना बसवलं, पुढून मी, मागून पाळक. पाळकांचे गुडघे वाजले, माझी कंबर वाजली, आणि आम्ही ताईंना उचलून बाकांमधून निघालो. पुढे मेंढरं बेंबें करत नाचत होती.

"सरळ धरा!" ताई ओरडत होत्या. "पार्सलसुद्धा असं नेत नाही कुणी! भावोजी, डावीकडे कलतेय मी!" आणि त्या हसत होत्या. ही हसायची तसंच, आधी श्वास अडकून मग एकदम फुटून. त्या दोघी बहिणींचं हसणं एकच आहे हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. मी पुढे तोंड करून चालत होतो हे बरं झालं.

सतरंजीपाशी भिंगरी उभी राहून टाळ्या वाजवत होती. "सापडली! सापडली! मला सांगा!"

"सापडली गं," मी तिला सांगितलं.

मुलं घरी गेल्यावर ताईंनी सतरंजी झाडली, घडी घातली, मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरगी तुमच्याकडेच राहू दे. दर रविवारी मी येईन. तुमच्याच्याने एकट्याने आवरायची नाहीत ही पोरं. आणि वेणी मी घालीन, तिच्या भुवया बघवत नाहीत."

"बरं, ताई."

"पुढच्या रविवारी कुठली गोष्ट?"

हिने गोष्टींची चित्रं मोठ्या कागदांवर काढून ओळीने एका खिळ्याला टांगली आहेत. मेंढपाळाचं चित्र मी मागे टाकलं. पुढच्या चित्रात एक माणूस आपल्या कबरेतून चालत बाहेर येतोय. चार दिवस मेलेला, येशूने हाक मारली आणि उठला. त्याच्या बहिणी दारात उभ्या आहेत. हिने त्यांना हसरी तोंडं काढली आहेत.

ताईंनी चित्र पाहिलं, मी पाहिलं. भिंगरी खाली बसून चपलेचा पट्टा लावत होती.

"याच्या पुढची घेऊ," ताई हळूच म्हणाल्या.

माझा त्या गोष्टीवर विश्वास आहे. हिचाही होता. पण करायला घेतली तर भिंगरी हात वर करणार, आणि ती काय विचारणार ते मला ठाऊक आहे. त्यानंतर आम्ही पुढच्या गोष्टी केल्या, एकेक चित्र संपत आलं. ताई येतात, मुलांना रांगेत उभं करतात, मुलं रांग मोडतात. कबरेतून उठलेल्या माणसाची गोष्ट तेवढी अजून करायची राहिली आहे.