वॉकर खाटेजवळच होता

"वॉकर तर इथंच हाये!" गोकुळ आतल्या खोलीतून ओरडला. "आई, काऊन असं करतं वं तू? कितीदा सांगतलं, तो घेतल्याशिवाय उठू नको म्हणून!"

अन्नपूर्णाबाई ओसरीत सतरंजीवर पडल्या होत्या. डावा पाय विचित्र बाहेर वळलेला. डोकं शेजारच्या घरातल्या प्रेमानंदच्या मांडीवर.

"मी घेतला होता रे," त्या कण्हत म्हणाल्या. "घेऊनच गेली होती."

"मंग तो काय आपल्या पायानं चालत परत आला?"

अन्नपूर्णाबाईंनी मान वर करून प्रेमानंदकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता. प्रेमानंदने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"गाडी आली वाटते," तो म्हणाला.

डोणगावात मेहकर रस्त्याला प्रेमानंदचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, सगळं तो करायचा, आणि त्याचं काम सफाईदार असायचं. मागच्या वर्षी अन्नपूर्णाबाईंना लकव्याचा हलका झटका आला आणि त्या डावा पाय ओढत चालू लागल्या, तेव्हा गोकुळ विकतचा वॉकर आणायला निघाला होता. प्रेमानंदनेच त्याला अडवलं. "मी हावो ना. काकूसाठी बाहेरची वस्तू कायले?" त्याने जाड लोखंडी पाइप घेतला, दोन संध्याकाळी खपून वॉकर बनवला आणि त्याला चंदेरी रंग दिला. पायांच्या टोकांना पत्र्याच्या टिकल्या जोडल्या आणि ग्राइंडरने त्या इतक्या घासल्या की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. गल्लीतली माणसं बघायला आली. कुणी म्हणालं, कंपनीच्या वरताण झाला.

अन्नपूर्णाबाई त्याला घोडा म्हणायच्या. दोन दिवस वापरून त्या म्हणाल्या होत्या, "प्रेमा, उंच होते रे. खांदे भरून येतेत. अन् घसरल्यावानी वाटते."

"सवय होईल काकू," तो हसून म्हणाला होता. माप त्याने घेतलंच नव्हतं. अंदाजाने पाइप कापले होते, आणि आपला अंदाज चुकत नाही असं तो मानून चालायचा.

त्या सकाळी गोकुळ आणि त्याची बायको अनुपमा वांगी तोडायला मळ्यात गेली होती. प्रेमानंद दात घासत अंगणात उभा होता, तेव्हा भिंतीपलीकडून आधी लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि मग अन्नपूर्णाबाईंचा. तो धावला. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या आणि वॉकर दारात आडवा पडला होता. त्याचे पुढचे दोन पाय कुठून कुठे घसरत गेले ते फरशीवरच्या ओरखड्यांवरून दिसत होतं. प्रेमानंदला एका नजरेत सगळं कळलं.

वॉकर बाजूला केल्याशिवाय आत जाता येत नव्हतं, हे खरं. पण बाजूला म्हणजे दाराच्या कडेला. त्याने तो उचलला, दोन खोल्या ओलांडून नेला आणि खाटेशेजारी, उशाच्या बाजूला सरळ उभा करून ठेवला. नीट हाताशी येईल असा. मगच तो काकूंना उचलायला परत आला. तेवढा वेळ त्या फरशीवर होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बुलढाण्याला ऑपरेशन झालं, आठ दिवसांनी घरी आणलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गोकुळ तेच सांगायचा. "वॉकर खाटेजवळच होता. तसीच उठून गेली. वरून म्हणते, घेऊन गेली होती. आता याद राहत नाही तिले." त्यात राग कमी आणि काळजी जास्त होती, म्हणून लोकांनाही ते पटत गेलं. गल्लीच्या टोकाला राहणारे दीर भाऊराव तर अन्नपूर्णाबाईंच्या समोरच म्हणाले, "वहिनीचं डोकं आता पयल्यासारखं चालत नाही. एकटं सोडू नका."

मग त्यांना कुणी एकटं सोडलं नाही. गॅसजवळ जाऊ देईनात. पेटीची किल्ली अनुपमाने आपल्याकडे घेतली. डॉक्टरांनी धरून चालवायला सांगितलं होतं, पण पुन्हा पडतील या धास्तीने खाटेवरून उतरायची मनाई झाली आणि मोठ्या माणसांचे डायपर आले. पहिले काही दिवस अन्नपूर्णाबाई वाद घालायच्या. मग त्यांनी बोलणं सोडलं.

प्रेमानंद रोज जायचा. कुशीवर वळवायला, उचलून बसवायला गोकुळ त्यालाच हाक मारायचा. "तू होता म्हणून वाचली रे," असं म्हणून अनुपमा चहा पुढे करायची आणि तो चहा त्याला प्यावा लागायचा. आज सांगू असं ठरवून तो घरातून निघायचा आणि उंबऱ्यात येईपर्यंत ते उद्यावर गेलेलं असायचं. एकदा डायपर बदलायची वेळ आणि त्याची यायची वेळ एकच झाली. अन्नपूर्णाबाईंनी त्याला पाहून पदर तोंडावर ओढून घेतला. तो मागच्या पावली दुकानात आला, मशीन चालू केलं आणि कितीतरी वेळ काहीही न कापता त्याच्यासमोर उभा राहिला.

महिन्याने मेहकरहून फिजिओथेरपिस्ट आल्या. मयुरी नाव, तिशीच्या आत-बाहेर वय. आल्या आल्या त्या गोकुळला रागावल्या. "महिनाभर झोपवून ठेवलं? पाय आखडलाय बघा. चला, उभं करू. एका बाजूने तुम्ही धरा, एका बाजूने तुम्ही."

गोकुळ आणि प्रेमानंदने धरलं. अन्नपूर्णाबाई थरथरत उभ्या राहिल्या.

"आधी कुठला वॉकर वापरायच्या?"

अनुपमाने कोपऱ्यातला घोडा पुढे आणला. मयुरीने तो उचलून पाहिला. "केवढा जड आहे हा! आजींनी उचलायचा कसा?" मग उलटा करून पाहिला, आणि त्यांचा आवाज बदलला. "याला रबराचे बूट कुठे आहेत? नुसतं लोखंड, तेही गुळगुळीत. ओल्या फरशीवर हा थांबायचा नाही." त्यांनी तो अन्नपूर्णाबाईंच्या शेजारी ठेवला. "आजी, हात खाली सोडा. सैल. हे बघा, मनगटाची रेघ इथे येते. वॉकरची मूठ इथे पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं आणि भार खाली देता येतो. ही मूठ वीतभर वर आहे. कुणी दिला हा?"

"आमच्या प्रेमानंदनंच बनवला," गोकुळ कौतुकाने म्हणाला. "पण मॅडम, हिनं तो नेलाच नव्हता. खाटेजवळच होता."

"असं असेल तर अवघड आहे. चांगला वॉकर आणू, पण घ्यायचाच विसरत असतील तर एकट्याने उठू देता येणार नाही." मयुरी अन्नपूर्णाबाईंकडे वळल्या. "आजी, त्या दिवशी का नव्हता घेतला?"

अन्नपूर्णाबाईंनी घोड्याकडे पाहिलं.

"मले तर घेतला होता असंच याद हाये बाई," त्या हळूच म्हणाल्या. "पण सगळे म्हणतेत नाही घेतला, तर नसंल घेतला."

त्यांचा दंड प्रेमानंदच्या हातात होता. साठ-सत्तर वर्षं शेतात राबलेला दंड, आता काडीसारखा. त्याला तो धरवेना, आणि सोडताही येईना.

"घेतला होता त्याईनं," तो म्हणाला. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाला. "काकूनं घेतला होता. दारात पडला होता. मी उचलून खाटेजवळ नेऊन ठेवला."

"काऊन?" गोकुळने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"तो घसरला म्हणून. मी बनवलेला होता म्हणून."

मयुरीने अन्नपूर्णाबाईंना आधार देऊन खाटेवर बसवलं. गोकुळ प्रेमानंदच्या अंगावर धावून गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "महिनाभर आमच्या घरी चहा पेला तू."

अन्नपूर्णाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"मले वाटलं माह्यं डोकं गेलं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी डोळे मिटून पोराईची, नातवाईची, भाचरांची नावं मनात घेत जाओ. एखादं सुटलं की छातीत धस्स होये. तू समोर बसत होता रे प्रेमा."

"काकू, माफ..."

"ते राहू दे. ज्याले ज्याले सांगतलं ना, की बुढीले याद राहत नाही, त्याच्या त्याच्या घरी जा. तुह्या तोंडानं सांग."

दुसऱ्या दिवशी गोकुळने मेहकरहून हलका, रबरी बुटांचा वॉकर आणला. मयुरीने त्याची उंची मनगटाशी लावून बसवून दिली आणि मायलेकांना बजावलं, बूट झिजले की लगेच बदला, न्हाणीघर कोरडं ठेवा, खाटेवरून उठताना वॉकरला धरून लटकू नका, हात खाटेवर टेकून उठा. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी हवी, असंही त्या म्हणाल्या. प्रेमानंद जवळच उभा होता. गोकुळने त्याच्याकडे न पाहता दुसऱ्या गावच्या मिस्त्रीला फोन लावला.

प्रेमानंद घरोघर गेला. पिठाच्या गिरणीत पट्ट्याच्या आवाजात त्याचं बोलणं कुणाला ऐकू जाईना, म्हणून मालकाने गिरणी बंद केली, आणि दळण घेऊन बसलेल्या सहा बायांसमोर त्याला ते मोठ्याने सांगावं लागलं. एक जण म्हणाली, "जाऊ द्या, मुद्दाम थोडंच केलं." घरी बायकोही तेच म्हणाली होती. ते त्याला सगळ्यात जड गेलं, कारण वॉकर उचलून नेला तो मुद्दामच होता. भगवंतराव मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग विचारलं, "आमच्या जिन्याचा कठडा तूच केला ना? जरा पाहून जाशील?" प्रेमानंदने तिथेच गुडघ्यावर बसून एकेक सांधा हाताने हलवून पाहिला.

तिन्हीसांजेला तो अन्नपूर्णाबाईंच्या दारात आला, पण उंबरा ओलांडला नाही. त्या ओसरीत नव्या वॉकरवर उभ्या होत्या, अनुपमा दोन हात अंतरावर. कपाळावर घाम होता. उन्हाळ्यापर्यंत काठीवर येतील असं मयुरी म्हणाल्या होत्या, पण मळ्यापर्यंत आता चालणं होणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं होतं.

"झाली सगळी घरं?"

"झाली."

"भाऊरावचं?"

"गेलो होतो. दाराले कुलूप होतं. साखरखेर्ड्याले पोरीकडे गेले म्हणे."

"कधी येते?"

"परवा."

"मंग परवा जाजो."

"हाव, काकू."

अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली. वॉकर उचलून एक वीत पुढे ठेवला, चारही पाय टेकले का ते पाहिलं. मग डावा पाय, मग उजवा. अनुपमाने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही.