हातात अडकलेली थाळी

चर्चमध्ये प्रभुभोजनाची, येशूच्या स्मरणार्थ वाटायच्या भाकरीची थाळी सुताराने हातात घेतली, क्षणभर धरली आणि भाकरीला हातही न लावता शेजारच्याकडे सरकवली. मागच्या बाकावरून हेडमास्तरांनी ते पाहिलं. सलग चौथा महिना. मग त्यांनी आपला तुकडा डोळे मिटून, सावकाश खाल्ला.

उपासना संपताच त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं.

"काहीतरी मोठं पाप असणार. उगाच कोण असं करतो? मंडळीच्या यादीतून नाव कमी करा त्याचं."

"पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न आहे, मास्तर. नाव कमी केलं तर चर्चमध्ये लग्न कसं लावू? आधी बोलून तर बघा."

मास्तर चर्चच्या मंडळीचे सगळ्यात जुने पंच. चुका काढण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. उभा जन्म पोरांच्या वह्या तपासण्यात गेलेला. दुसऱ्याच दिवशी ते सुताराच्या कारखान्यात हजर.

सुताराने रंधा बाजूला ठेवून स्टूल पुसून दिलं.

"बसायला नाही आलो. प्रभुभोजन का घेत नाहीस?"

"मनात राग आहे. राग ठेवून घेऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"मग ज्याच्यावर राग आहे त्याच्याकडे जा. मिटवून टाक!"

"गेलो होतो. जेवतोय असं सांगून तुम्ही दारातूनच परत पाठवलंत."

मास्तर स्टुलावर बसले.

"चर्चचे बाक केले तेव्हा सहा फळ्या कमी भरल्या. मी घरी नेल्या, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. पुढे त्या कोठीत कपाटामागे सापडल्या. तुम्हालाच सापडल्या. झाडणाऱ्या मावशी तिथेच होत्या." सुताराचा आवाज चढला नाही. "तेवढंच सगळ्यांसमोर सांगा, मास्तर. पोरीच्या सासरचेही त्याच मंडळीत बसतात हो."

"आता जुनं उकरून काय मिळणार?"

"दर खेपेला मी वळून बघतो. वाटतं, आज तरी थाळी तुमच्या हातात अडकेल."

मास्तरांचे कान तापले. लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा भयंकर संताप आला. धोतराला लागलेला भुसा झटकत ते बाहेर पडले.

संध्याकाळी पंचांच्या सभेत त्यांनी सांगितलं, "पश्चात्ताप कसला! उलट माझ्यावरच उखडला." सुताराचं नाव कमी करण्याच्या ठरावावर पहिली सही त्यांनीच ठोकली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या दिवशी पाळकसाहेबांनी खाली मान घालून ठराव वाचला. थाळी फिरू लागली. सुताराने ती नेहमीसारखी पुढे दिली आणि वळून पाहिलं.

थाळी मास्तरांकडे आली आणि खरंच अडकली. शेजारी बायको कुजबुजली,

"अहो, घ्या ना. लोक बघतायत."

मास्तरांनी तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि थाळी पुढे दिली.

सुतार उठला. मुलगीही उठली. सरकलेला बाक त्याने सवयीने ओळीत सरळ केला, आणि मास्तरांच्या शेजारून दोघं बाहेर गेली. मास्तर अजून तो घास चावत होते.