पागेचा डाग

धुळ्यात, देवपुरातल्या त्या बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचा घोडा आहे. निदान घोडा व्हावा अशी आबासाहेबांची इच्छा होती. गवंड्यानं उभ्या जन्मात घोडा पाहिला तो वरातीतला, झुलीखाली झाकलेला. त्यामुळे कान लांबले, पाय आखडले, आणि गल्लीतली पोरं सरळ 'बकरीवाला बंगला' म्हणू लागली. घोड्याच्या खाली आडवा अर्धा चंद्र, चंद्रात एक टिंब, त्याखाली ब्रीद: 'शब्द गेला तर जीव गेला'. हे निमकोटच्या गिराशांचं, म्हणजे आबासाहेबांच्या राजपूत घराण्याचं निशाण. जहागिरी जाऊन पंधरा वर्षं झाली होती, निमकोटच्या गढीत दलिचंद शेठच्या कापसाच्या गाठी पडल्या होत्या, पण निशाण कुठं गेलं नव्हतं. फाटकावर होतं, ताटांवर होतं, टॉवेलांच्या कोपऱ्यांवर होतं.

लग्न होऊन आली तेव्हापासून कुमुदला ते पाहून हसू यायचं. अडुसष्ट सालच्या दसऱ्याला दोन दिवस राहिले असताना ते हसू गेलं.

ती, नवरा दौलतसिंग आणि पाच वर्षांचा प्रताप वरणगावच्या क्वार्टरमधून सणासाठी आले होते. पुरुषांची पंगत बसली होती. सुना दाराआड. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळायचा नाही आणि तोंडातून शब्द निघायचा नाही, ही इथली रीत. कुमुद जळगावच्या शिक्षकाची मुलगी, इतिहास घेऊन बी. ए. झालेली, पण रीत तिनं आठ वर्षं पाळली होती. तिचं लक्ष प्रतापच्या ताटाकडे होतं. भाजीत मिरची आली, की दारातूनच ती मानेनं 'नको' म्हणायची.

"दौलत," सासरे आबासाहेब म्हणाले, "पोराला पाच पुरी झाली. परवा मोहोर उठवू. सकाळचा मुहूर्त आहे. भाऊबंदांना कळवलंय."

दौलतसिंगाचा घास हातातच राहिला. "जी," एवढंच तो म्हणाला.

कुमुदनं शेजारी उभ्या धाकट्या जावेला विचारलं, "कसली मोहोर गं, रंभा?"

"अगं बाई! आठ वर्षं झाली आणि तुम्हाला माहीतच नाही?" रंभाच्या आवाजात गंमत होती, आणि थोडी असूयाही. "वारसाच्या दंडावर निशाण उठवतात. तापवून. भावजींच्या दंडावर नाही का? आमच्या ह्यांच्या नाही, ते धाकटे. तुमचं नशीब थोर, वहिनी."

 नवऱ्याच्या उजव्या दंडावरचा तो वण कुमुदनं पहिल्या महिन्यातच पाहिला होता. अर्धगोल, मधे एक खड्डा. "लहानपणी चुलीवर पडलो," तो म्हणाला होता. चुलीवर पडलेल्याला इतका आखीव चंद्र कसा भाजतो, हा प्रश्न मनात आला होता आणि तिनं तो गिळला होता. वैशाखातल्या भाजणाऱ्या उन्हातही हा माणूस पूर्ण बाह्यांचा सदरा का घालतो, तेही तिनं कधी खोदून विचारलं नव्हतं. पोराचं दूध आधी मनगटावर टाकून बघणारी, झोपेत त्याचा श्वास ऐकत बसणारी बाई ती. आणि नेमकं हेच तिनं पाहिलं नाही! आधी तिला स्वतःचाच संताप आला. मग तो नवऱ्याकडे वळला, आणि वळला तो तिथंच राहिला.

दुपारी मागच्या अंगणात उखर्डू लोहार चिंचेनं आणि राखेनं एक लोखंड घासत बसला होता. निमकोटचा म्हातारा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घराकडे. हातभर लांब दांडा, टोकाला अर्धा चंद्र, मधे टिंब. कुमुद समोर जाऊन उकिडवी बसली.

"ही मोहोर?"

उखर्डूनं आजूबाजूला पाहिलं. "वहिनीसाहेब, तुम्ही शिकेल शेतस म्हणून सांगस. हाई मोहोर नही शे. हाऊ पागाना डाग शे. घोडाना पुठ्ठावर देत. मना आजा सांगे."

"घोड्याच्या?"

"हां. बठ्ठा गावले माहीत शे."

"सगळ्या गावाला माहीत, मग कोणी बोललं का नाही, बाबा?"

"बोलीसन कथा जावो?" म्हातारा म्हणाला. बोलून जाणार कुठं? तो पुन्हा घासायला लागला.

कुमुदला कॉलेजातला वर्ग आठवला. सरदार लोक शंभर घोड्यांच्या नेमणुकीचा पैसा खायचे, आणि हजेरीच्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्याची तट्टं आणून उभी करायचे. ती लबाडी मोडायला सरकारनं घोड्यांवर डाग सुरू केला. परीक्षेत तिनं त्याच्यावर टीप लिहिली होती. आता तोच डाग तिच्या दारात आला होता. तिच्या मनात आशेची एक ठिणगी उडाली. हे आबासाहेबांना कुठं माहीत असणार? इतका मानी माणूस, कळलं तर स्वतःच लाजेल.

ती उठली ती थेट बैठकीत गेली. आबासाहेब पेपर वाचत होते. आठ वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर तोंड उघडत होती.

"आबासाहेब, ती मोहोर नाही. पागेतलं लोखंड आहे ते. घोडे डागायचं."

आबासाहेबांनी चष्मा काढला. ते चिडले नाहीत, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"ठाऊक आहे मला."

त्यांनी पेपराची घडी घातली.

"घोड्याला डाग का देत, तेही वाचलं असशील. भाड्याचं तट्टू कोणी आपलं म्हणून दाखवू नये म्हणून. आमच्या मूळपुरुषानं तेच लोखंड पोराच्या दंडावर टेकवलं. या घरात भाड्याचा कोणी नको. गढी गेली, जहागीर गेली, उद्या सरकार जमीनही घेईल. दंडावरचं कोणी घेतं का?"

"तो पाच वर्षांचा आहे!"

"देवीची लस टोचली तेव्हा किती वर्षांचा होता? तेव्हा रडला नाही? तूच धरला होतास ना त्याचा हात?"

"ती त्याचा जीव वाचवायला होती."

"हे त्याचं नाव वाचवायला." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "मोहोर नाही तर गादी नाही. निमकोटची विहिरीखालची जमीन मोहोर उठलेल्या पोराच्या नावावर होते, दुसऱ्याच्या नाही. जा आता. आणि पदर सारखा कर."

 चूक असती तर दाखवता आली असती. इथं तर सगळं उघड्या डोळ्यांनी चाललं होतं.

दौलतसिंग माडीवर खिडकीशी उभा होता. तिनं दार लावलं.

"सदरा काढा."

"कुमुद, ऐक..."

"काढा म्हणते ना!"

त्यानं बटणं सोडली. दंडावर तो चंद्र होता, कातडी ओढलेली, गुळगुळीत, जांभळट. तिनं त्याच्यावर बोट टेकवलं तसा तो आक्रसला. अठ्ठावीस वर्षांनंतरही आक्रसला.

"चुलीवर पडलात, नाही का? शब्द गेला तर जीव गेला, असं फाटकावर लिहून ठेवता. आणि बायकोला पहिल्या महिन्यात सांगितलेला शब्द खोटा?"

"काय सांगणार होतो? माझ्या बापानं माझा हात धरला आणि आजोबांनी डागलं, असं?"

"बापानं हात धरला?"

"बापानंच धरायचा असतो. दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. बापाची संमती लागते, असं म्हणतात."

"म्हणजे परवा तुम्ही धरणार."

तो सदऱ्याची बटणं लावायला लागला.

"धरणार का?"

"एका क्षणाचं असतं गं. आणि आबासाहेबांचं वय झालंय, आता त्यांना काय..."

"एका क्षणाचं? मग एवढ्या वर्षांत एकदा तरी अर्ध्या बाह्या का घातल्या नाहीत?"

"बघू," तो म्हणाला. "मी बोलतो त्यांच्याशी."

हे 'बघू' कुमुदला चांगलं माहीत होतं. क्वार्टरच्या गळक्या नळापासून पोराच्या शाळेपर्यंत ते तिनं ऐकलं होतं. पण नळ आणि पोर यांत काही फरक आहे, हे या माणसाला कोण शिकवणार? दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंक भरली. फाटकाशी वना गडी आडवा आला. "आबासाहेबस्नी सांगेल शे, सण होईपर्यंत पोऱ्याले बाहेर नही." तिच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या पोराला घेऊन रस्त्यावर जायला गड्याची परवानगी! दौलतसिंग अंगणातच उभा होता. त्यानं वनाला काही म्हटलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी बैठकीतला सोफा भिंतीला लावला होता. पांढऱ्या गादीवर तलवार, झेंडूची माळ, आपट्याची पानं. वीसेक भाऊबंद फेटे बांधून बसले होते. मधोमध नव्या चकचकीत फरशीवर शेगडी, शेगडीशी उखर्डू, त्याच्या बाजूला विधीसाठी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्याचा हंडा. बायका जेवणघराच्या दारात, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड.

प्रतापला रेशमी अंगरखा घातला होता, उजवी बाही खांद्यापर्यंत दुमडलेली. कोणीतरी त्याच्या तोंडात गुळाचा खडा दिला.

"रडायचं नाही हं, कुंवरसाहेब. रडला तो गिराशाचा नाही."

"कशाला रडू?" प्रतापनं गूळ चघळत विचारलं. सगळे खो खो हसले.

कुमुदला ते हसू लोखंडापेक्षा जास्त भाजलं. पोराला कोणी काही सांगितलंच नव्हतं! हेही विधीतच बसत होतं म्हणा.

दौलतसिंग पुढे झाला. गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं पोराचा दंड धरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावरून घाम गळत होता. पण धरला. उखर्डूनं लोखंड निखाऱ्यातून काढून आबासाहेबांच्या हातात दिलं. चंद्र लालभडक झाला होता. प्रतापनं तो पाहिला, आणि गूळ त्याच्या तोंडातून खाली पडला.

"आई!"

चीक कसा बाजूला झाला ते कुमुदला कळलं नाही. डोक्यावर पदर नव्हता. वीस फेटे तिच्याकडे वळले.

"सोडा त्याला!"

"कुमुद, आत जा," दौलतसिंग पुटपुटला.

"तुमच्या बापानं धरलं तेव्हा तुम्हीही आईलाच हाक मारली असेल ना? ती पडद्याआड राहिली. मी राहणार नाही. सोडा!"

दौलतसिंगाची पकड सुटली. त्यानं सोडली की घामानं हात निसटला, ते कुमुदला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. तिनं विचारलं नाही, कारण दोन्हीपैकी कुठल्याही उत्तरानं तिचा राग जाणार नव्हता. प्रताप धावत येऊन तिच्या कमरेला बिलगला.

 आबासाहेबांनी लोखंड पुन्हा निखाऱ्यांत खुपसलं.

"बापाचा हात सुटला," ते भाऊबंदांना उद्देशून म्हणाले. "हा पोरगा वारस नाही. याला गादी नाही, निमकोट नाही. सूनबाई, फाटक उघडं आहे आता. वना, ट्रंक खाली आण यांची."

"आणाच," कुमुद म्हणाली आणि पोराला उचलून दाराकडे निघाली. उंबरा ओलांडून गेलीही असती. मागून रंभाचा आवाज आला, घाईचा, धापा टाकणारा.

"आबासाहेब! आमच्या मोहनला घ्या! त्याला पाचवं लागलंय. अहो, उठा ना, धरा त्याचा हात!"

कुमुद वळली. पडद्याच्या फटीतून रंभानं मोहनला पुढे ढकललं होतं. पोरगं अर्धवट झोपेतलं, चड्डीची नाडी लोंबत होती. त्याचा बाप शिवसिंग उठला, मिश्यांवरून हात फिरवत. एवढी वर्षं धाकटा म्हणून दाराशी बसलेला माणूस. आज त्याला मधोमध जागा मिळत होती. त्यानं पोराचा दंड धरला. घट्ट. हा हात सुटणारा नव्हता.

आबासाहेबांनी लोखंड उचललं.

तिचं पोर तिच्या कडेवर होतं. फाटक उघडं होतं. अकराची भुसावळ गाडी होती. तिनं प्रतापला उंबऱ्यात उतरवलं, चार ढांगांत मागे आली, दोन्ही हातांनी हंडा उचलला आणि आधी लोखंडावर, मग शेगडीवर उपडा केला. फस्सकन वाफ उठली. राख भाऊबंदांच्या फेट्यांवर उडाली. आबासाहेबांच्या हातातला चंद्र काळा पडला.

"माझ्या पोराच्या तोंडचा घास काढला!" रंभा किंचाळत बाहेर आली. "स्वतःचं गेलं म्हणून आमचंही बुडवते! सटवी!"

"उखर्डू," आबासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थरथरला. "दुसरे कोळसे आण."

उखर्डू बसल्या जागेवरून हलला नाही. ओल्या राखेत चिमटा फिरवत राहिला.

"ऐकू येत नाही का रे?"

"आणा कोळसे," कुमुद म्हणाली. तिनं शिवसिंगाच्या हातातून मोहनला खेचून घेतलं आणि शेगडीकडे पाठ करून ओल्या फरशीवर बसकण मारली. "आणा, पेटवा. नळाला पाणी आहे, मला हातपाय आहेत. आज आणा, उद्या आणा. मी कुठं जात नाही."

प्रताप उंबऱ्यातून परत धावत आला आणि तिच्या दुसऱ्या मांडीवर बसला. मोहन भोकाड पसरून रडत होता आणि आईकडे जायला हात पसरत होता. रंभाच्या मुठी कुमुदच्या पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर पडत होत्या. कुमुदनं मान खाली घातली, दात आवळले, आणि मोहनला सोडलं नाही.