तंबूच्या दारातली बाई

दिलदारनं उभी हयात भोंग्यातून इंग्रजी पिक्चर मराठीत सांगितले, आणि इंग्रजीच्या नावानं मात्र बोंब! गडहिंग्लजकडच्या जत्रांत तंबू टॉकीज लागायची. पडद्यावर टोपीवाले गोरे घोडे दामटत काहीतरी फाडफाड बोलायचे आणि हा पठ्ठ्या पडद्याशेजारी बसून वाटेल ते ठोकून द्यायचा. लोक खूश, मालक खूश.

एक गोष्ट मात्र त्याला डाचायची. गोरे बोलायचे तरी. त्या मुलखाचे मूळचे, पिसं खोचलेले लोक नुसते ओरडायचे आणि मरायचे. ज्याची जमीन त्यालाच तोंड न्हाय, ही कुठली रीत? मग त्यानंच त्यांना तोंड दिलं. त्यांच्या म्होरक्याचं नाव ठेवलं पिराजी. पिराजी लढायला निघाला की त्याची बायको पडद्यावर आपल्या तंबूच्या दारात येऊन म्हणायची, “अवो, लवकर या. भाकरी निवतीया.” बायकांच्या बाजूला हुंदके फुटायचे.

आता तंबू गेला, भोंगा गेला. मुलगा आरिफ पुण्याला. गेल्या साली बायको मेहरुन्निसाही गेली, तेव्हापासून कोल्हापुरातल्या त्या दोन खोल्या खायला उठायच्या. नेमका तोच पिराजीचा पिक्चर एका फिल्म क्लबात दाखवणार, असं कळलं आणि म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. तेवढी एक हाक ऐकायची होती. भाषा कळो न कळो, बाईनं दारात उभं राहून नवऱ्याला बोलावलेलं ऐकायचं होतं.

पिक्चर संपला तरी हाक काही आली नाही. डुलकी लागली असणार, म्हणून त्यानं स्वतःलाच शिव्या घातल्या.

क्लबातली अस्मिता माईक घेऊन सांगत होती, “एवढ्या मोठ्या सिनेमात या लोकांच्या एकाही बाईला एक वाक्यसुद्धा नाही.”

“हाय की!” दिलदार उठलाच. “बोलती ती. तंबूच्या दारात.”

काही जण हसले. अस्मिता हसली नाही. “पुन्हा बघूया की, काका,” म्हणत तिनं पिक्चर मागं नेला.

बाई दारात आली. म्होरक्याकडं बघितलं. ओठ मिटलेलेच. घोडे आले, धूळ उडाली, बाई पडली. संपलं.

दिलदार खाली बसला. आठवलं त्याला. त्या पहिल्या खेळाला बायकांत बसलेली मेहरुन्निसा तोंडाला पदर लावून हसत होती. घरी आल्यावर म्हणाली होती, “माझं रोजचं बोलणं साऱ्या गावाला ऐकवलंसा व्हय?” वाक्य तिचं होतं. शेकडो खेळ सांगता सांगता तो स्वतःच फसला होता. पडद्यावरची बाई कधीच बोलली नव्हती. बोलणारी मातीत गेली होती.

अस्मितानं माईक त्याच्यापुढं धरला. “काय म्हणते ती, काका? सांगा ना.”

साऱ्या हॉलचे कान त्याच्याकडं. आयुष्यभर भोंग्याला तोंड लावलेला माणूस, पण त्यानं माईक हातानं बाजूला सारला.

“न्हाय पोरी. चुकलं माझं. बोलत न्हाय ती.”

रस्त्यात कुणीतरी “पावणं, सोडू का घरापत्तोर?” म्हणालं, तर नको म्हणाला. घरी येऊन कुलूप काढलं. आत अंधार, चूल गार. चपला काढता काढता दिलदार दारातच थांबला आणि म्हणाला,

“आलो गं.”